चार शीलांचा राजरत्न

आमच्या राजरत्नला आवाज बापाकडून मिळाला आणि लाज आईकडून. आवाज उत्तम आहे. लाजेने मात्र त्याचा संसार मोडायची वेळ आणली होती, म्हणून हे सांगायला बसले आहे. मी त्याची चुलत बहीण, प्रियांका. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. वीस वर्षं इस्पितळात स्टाफ नर्स म्हणून काढली आहेत, त्यामुळे माझ्या तोंडात सभ्य शब्द कमी असतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी इथेच थांबावं.

डोंबिवली पूर्वेला, आम्ही लहानाचे मोठे झालो त्या वस्तीत, एक छोटा विहार आहे. दर रविवारी सकाळी तिथे वंदना होते आणि माईकवर राजरत्न असतो. त्याने एक ओळ पुढे म्हणायची, आम्ही पन्नासेक माणसांनी ती मागून म्हणायची. बाप गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, हे काम त्याच्याकडे आहे. एरवी तो एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. राहायला दिवा स्टेशनजवळ, वय एक्केचाळीस, पोट सुटलेलं, केस सुटून गेलेले. त्याच्याकडे बघून कुणाच्या मनात कसलेच विचार येत नाहीत, चांगले नाहीत की वाईट नाहीत.

मागच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याने पंचशील सुरू केलं. पहिलं, जीवहत्या न करण्याचं. दुसरं, चोरी न करण्याचं. आणि मग सरळ खोटं न बोलण्याचं. मधलं तिसरं, कामवासनेपायी वाकडं न वागण्याचं, ते गाळलंच. पन्नासातल्या एकोणपन्नास माणसांनी त्याच्यामागून मुकाट्याने चौथं म्हटलं, यावरून आम्ही किती लक्ष देऊन म्हणतो ते कळावं. पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात बसलेली भीमाबाई, म्हणजे त्याची सख्खी आई आणि माझी काकी, तेवढी मोठ्याने म्हणाली, "आरं, तिसरं ऱ्हायलं की!"

सगळे हसले. राजरत्न घोटभर पाणी प्यायला आणि पाचवं म्हणून मोकळा झाला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही. तेव्हा विहार कमिटीचे अध्यक्ष दगडूमामा, जे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीचं निदान करतात, त्यांनी जाहीर केलं की पोराची स्मरणशक्ती गेली. मग काय, बायकांनी बदाम आणले. एकीने ब्राह्मीचं तेल आणलं आणि त्याच्या टकलावर चोळायचीही तयारी दाखवली. हा गप्प बसून बदाम खात होता. मला खरंच भीती वाटली. चाळिशीत असं विसरणं म्हणजे मेंदूत काहीतरी झालं असेल, म्हणून मी त्याला घरी बोलावलं, बीपी घेतलं, शुगर तपासली, जीभ बाहेर काढायला लावली, हात वर करायला लावले. सगळं ठीक होतं.

"आता पंचशील म्हण," मी म्हटलं.

त्याने म्हटलं. पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं.

"तिसरं म्हण."

"येत नाही, ताई."

"येत नाही की म्हणवत नाही?"

तो उठला, चपला घातल्या आणि चहा न घेता गेला. आमच्या घरातून चहा न घेता गेलेला तो पहिला माणूस.

दोन दिवसांनी त्याची बायको मृणाल आली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळ्यांचे नंबर तपासते, हुशार पोरगी आहे. दोघांचं कॉलेजातलं प्रेम, त्यामुळे घरात अहो-जाहो नाही. आली ती तडक स्वयंपाकघरात येऊन बसली.

"ताई, ह्याचं बाहेर काहीतरी चालूय."

"ह्याचं? ह्या राजरत्नचं?"

"हसू नका. फोन कायम पालथा. बाथरूममध्ये गेला की पाऊण तास. आमच्याकडे पाणी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास येतं, हे तुम्हाला माहितीये. आणि हा नेमका त्या तासात आत जाऊन कडी लावतो. मी बाहेर बादल्या घेऊन उभी. आतून पाण्याचा आवाज पण येत नाही हो! आणि काल कंपनीत फोन केलेला, तर म्हणे सर हाफ डे टाकून गेले. घरी सहाला आला, म्हणाला ऑडिट होतं."

तिसरं शील का गळतंय ते मला त्या क्षणी कळलं. निदान मला तसं वाटलं. आणि मला त्याचा असा राग आला की तो समोर असता तर बदामांसकट बाहेर काढला असता.

"जो काही सोक्षमोक्ष व्हायचा तो होऊ दे," मृणाल म्हणाली. "बाई असेल तर मी ह्याच्याबरोबर राहणार नाही. एवढंच मला ठरवायचंय. तुम्ही चला माझ्यासोबत."

आता वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी भावाच्या मागावर जाणं हे काही शोभणारं नव्हतं, पण मी गेले. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी तोंडाला ओढण्या बांधून त्याच्या कंपनीच्या गेटसमोर रसवंतीत बसलो. तीन ग्लास झाले तेव्हा साहेब बाहेर पडले. रिक्षा, मग स्टेशन, मग कसाऱ्याची गाडी. दुपारची गाडी रिकामी असते, त्यामुळे आम्हाला दोन डबे मागे बसून प्रत्येक स्टेशनात मान बाहेर काढायला लागत होती. कल्याण गेलं, टिटवाळा गेलं. खडवलीला उतरला.

"खडवलीची आहे," मृणाल दात-ओठ खात म्हणाली. "नदीवर जात असणार दोघं."

पण तो नदीकडे गेलाच नाही. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, जिथे बसायला कुणी जात नाही, तिथल्या बाकावर जाऊन बसला. कानात हेडफोन घातले, फोन पोटाशी धरला आणि खाली बघत राहिला. आम्ही जिन्याआड उभ्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली, चाळीस गेली. एक शेळी त्याच्या बाकापर्यंत जाऊन परत आली. बाई काही आली नाही. माझे पाय दुखायला लागले. मृणालचा धीर सुटला आणि ती चालायला लागली, मी तिच्यामागे.

"कुठंय ती?"

राजरत्न असा दचकला की फोन हातातून उडाला. तो मृणालनेच उचलला. तिने दहा सेकंद पडद्याकडे पाहिलं. दुकानात कुणी सेलोटेप चिकटवलेला चष्मा पुढे ठेवला की तिचा चेहरा कसा होतो, तसा झाला. मग तिने फोन माझ्याकडे दिला. मी नर्स आहे, मी फार काही पाहिलं आहे, तरी मी तो लगेच बंद केला.

"हे?" मृणाल म्हणाली. "ह्याच्यासाठी खडवली?"

तो हेडफोनची वायर गुंडाळायला लागला.

"अरे बाई असती तर मी तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. आता कोणाच्या उपटू, सांग ना!"

मग तो बोलायला लागला आणि थांबेचना. लॅबमध्ये नमुना ओव्हनमध्ये ठेवला की चाळीस मिनिटं हाताला काम नसतं. तिथून सुरुवात झालेली. आधी पाच मिनिटं, मग वीस, मग चाळीसही पुरेनात. एकदा फोनच्या नादात नमुना जळाला, अख्खी बॅच गेली आणि मेमो मिळाला. मेमो मिळाल्यावर तो शहाणा झाला, म्हणजे लॅबमध्ये बघणं सोडून हाफ डे टाकायला लागला. घरी बाथरूम, बाहेर खडवली.

"मजा येते म्हणून नाही गं," तो मृणालला म्हणाला. "मजा कधीच गेली. अर्ध्या तासाने डोकं दुखतं, स्वतःची किळस येते, तरी पुढचं लावतो. सोडलेलं मी. मोजून अकरा वेळा सोडलेलं. दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेलेलो ना, तिथे दहा दिवस एकदाही आठवण आली नाही. परत निघालो, रिक्षात बसलो, फोन हातात आला, आणि स्टेशन यायच्या आत…"

"कुणाला भेटलायस?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय. मी चौथं मोडत नाही, मृणाल. पन्नास माणसं माझ्यामागून म्हणतात. तिसरं म्हटलं तर मी माईकवर खोटं बोलतो. म्हणून ते गाळतो."

मला हसू आलं. नको त्या वेळी हसू येणं हा आमच्या धंद्यातला रोग आहे. माणूस तिसरं मोडतोय आणि चौथं मोडू नये म्हणून तिसरं म्हणत नाही, वर लोकांचे बदाम खातोय!

मृणाल हसली नाही.

"चौथं मोडत नाहीस? त्या दिवशी ऑडिट होतं म्हणून कोण सांगत होतं? परवा पोट बिघडलंय म्हणून पाऊण तास आत कोण होतं? अरे, तू रोज दिवसातून पाच वेळा चौथं मोडतोस. फक्त माईकवर मोडत नाहीस."

बारा वर्षं पंचशील शिकवणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. मृणालने डोळे पुसले, ओढणी पुन्हा बांधली.

"मी आईकडे कल्याणला जातेय. तिसऱ्याचं काय करायचं ते तू बघ, डॉक्टरकडे जा, कुठे जायचं तिथे जा. चौथं माझं आहे. ते माझ्याशी पाळायला लागशील तेव्हा दिव्याला येईन. नाही पाळलंस तर नाही येणार."

ती समोरून आलेल्या गाडीत बसून गेली. मी आणि राजरत्न पुढच्या गाडीची वाट बघत त्या शेळीबरोबर बसलो.

डॉक्टर शोधायचं काम माझ्याकडे आलं. एक डॉक्टर त्याचा आधीच करून झाला होता. भिंतींवर, संडासांवर, पुलाखाली ज्यांची रंगीत पत्रकं असतात त्यातला एक. हा तिथे गेला, खाली मान घालून "डॉक्टर, ते… प्रॉब्लेम आहे" एवढंच म्हणाला. पुढचं ऐकायची त्या महाभागाला गरजच वाटली नाही. त्याने ताकद वाढवायच्या पावडरीची बाटली दिली. ज्याला आग विझवायची होती त्याला रॉकेल दिलं, आणि आमचा हा लाजेपायी तेही घेऊन आला. घरी मृणालला दिसू नये म्हणून ती बाटली त्याने भीमाकाकीच्या फडताळात लपवली. काकीला वाटलं लेकाने गुडघ्यांसाठी औषध आणलं. दोन महिने रोज दुधातून घेत होती. गुडघे सुधारले असं ती आजही सांगते.

आमच्याच इस्पितळातल्या एका डॉक्टरांनी ठाण्याच्या रसिका मॅडमचं नाव दिलं. मानसोपचारवाल्या. पहिल्या खेपेला राजरत्नने मलाच आत यायला लावलं, एकट्याने बोलता येणार नाही म्हणाला. चुलत बहिणीसमोर असलं बोलायचं म्हणजे काय हाल असतात ते त्याचे कान बघून कळत होतं. मॅडम मात्र ताप-खोकल्याची चौकशी करावी तशा विचारत होत्या. राजरत्न घरून दिवसाचे आकडे पाठ करून गेला होता. त्याने ते सांगायला सुरुवात केली तशी त्यांनी हाताने थांबवलं.

"आकडा नंतर. बघणारे पुष्कळ असतात, सगळे आजारी नसतात. नुसती लाज वाटते म्हणूनही कुणी आजारी ठरत नाही. मला सांगा, थांबायचं ठरवून थांबता आलं का? त्यापायी काय काय गेलं? आणि गोडी उरली आहे का?"

थांबता आलं नाही. बॅच गेली, बायको गेली. गोडी उरली नाही.

"म्हणजे दारूसारखंच ना?" मी मधेच तोंड घातलं.

"काही बाबतींत तसं, काहींत नाही. त्यावर आमच्यातही वाद आहेत," त्या म्हणाल्या. ज्या डॉक्टरला 'आमच्यात वाद आहेत' म्हणता येतं तिच्यावर माझा लगेच विश्वास बसतो, कारण असे मी वीस वर्षांत चार पाहिले.

त्यांनी त्याला वही दिली. जेव्हा जेव्हा फोनकडे हात जाईल, तेव्हा त्याआधीच्या दहा मिनिटांत काय झालं ते लिहायचं. महिन्याने माझ्यासमोरच वही उघडली तर पानोपानी एकच शब्द होता, ओव्हन. ओव्हन लावला. ओव्हनपाशी बसलो. ओव्हनचा आवाज आला. मॅडमनी विचारलं, ओव्हनचं काय? आणि मग ते निघालं, जे त्याने मृणालला, मला, आईला, कुणालाच सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या कंपनीत स्फोट झाला, त्या दुपारी तो ओव्हनपाशीच बसला होता. काचा त्याच्या पाठीवर आल्या. त्याला खरचटलं तेवढंच. पण भिंतीपलीकडचा जो माणूस रोज डबा खाताना खिडकीतून हात करायचा, तो गेला. तेव्हापासून ओव्हन सुरू झाला की त्याच्या छातीत धडधडायला लागतं. फोनवर काहीतरी चालू केलं की धडधड थांबते. मग फोन थांबवला की परत सुरू होते.

मी सहसा रडत नाही. त्या दिवशी मॅडमच्या टेबलावरचे सगळे कागदी रुमाल मी संपवले. पोराच्या पाठीवरचे काचांचे ओरखडे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते, मीच ड्रेसिंग केलं होतं. आणि 'वाचलास रे बाबा' म्हणून पेढे वाटले होते.

एवढं कळलं म्हणून तो सुधारला, असं काही झालं नाही. मॅडमनीच बजावलं होतं की कारण सापडलं म्हणून खोड सुटत नसते. दर आठवड्याला ठाण्याला जाणं, धडधडीसाठी एक गोळी, फोन गेटवर वॉचमनकडे ठेवणं, आणि त्या चाळीस मिनिटांत ओव्हनपासून उठून माणसांत जाऊन बसणं. माणसांत म्हणजे कुठे, तर कंपनीच्या कँटीनमध्ये. तिथल्या रमाबाईंनी दोन दिवस याला नुसतं बसलेलं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, रिकामे बसताय तर हात धुवा आणि एवढा लसूण सोला." तेव्हापासून तो लसूण सोलतो. त्या कंपनीच्या वरणाला आता इतका लसूण असतो म्हणे, की युनियनने तक्रार केली.

घसरत होताच. पहिल्या महिन्यात सात वेळा, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात परत सहा. प्रत्येक वेळी त्याने कल्याणला मृणालला फोन करून सांगायचं ठरलेलं. पहिल्या दोन वेळा केला. मग लाज आडवी आली आणि 'सगळं ठीक' असा मेसेज गेला. आठवड्याने त्याने स्वतःच कबूल केलं, तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी इथेच बरी आहे," आणि फोन ठेवला. तो माझ्याकडे येऊन लहान मुलासारखा रडला. मी म्हटलं, गड्या, तिने तुला काय अवघड मागितलंय ते तरी बघ. सोडून दे म्हणाली नाही ती, सांग म्हणाली.

वंदनेचं काम त्याने खडवलीनंतर सोडून दिलं होतं. दगडूमामांनी माईक घेतला. त्यांचा आवाज म्हणजे बंद पडायच्या बेतातला मिक्सर. तीन महिने आम्ही सोसलं. मग भीमाकाकीने मला आणि राजरत्नला समोर बसवलं.

"ह्याला काय झालंय ते आता सांगा."

"मोबाईलचा आजार आहे, काकी," मी म्हटलं. असं सांगायचं आमचं ठरलं होतं.

"मोबाईलचा म्हंजी बायांचा ना? नागड्या? मला काय येडी समजता? ती बाटली मी वाचून घेतली शेजारच्या शिवानीकडनं, गुडघं बरं झाल्यावर."

राजरत्नने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"आणि त्यापायी तिसरं म्हणत न्हाईस? आरं, तुझा बाप पाचवं म्हणायचा माईकवर, दारूचं. सोडली तरी दर पगाराला पाय तिकडंच वळायचं त्याचं, दोन-चारदा पिऊनबी आला. तरी रविवारी उभा ऱ्हायचा आन् पाचवं सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा. म्या त्याला इचारलं, लाज न्हाई वाटत? तर म्हनला, भीमे, मोडत नसतं तर रोज कशाला म्हणायला लावलं असतं? येत्या रविवारी माईकवर तू. त्या दगडूनं माझं कान किटलं."

काका दारू प्यायचे हे आम्हा भावंडांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. राजरत्नलाही नाही.

रविवारी विहारात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, कारण मिक्सरपासून सुटका होणार ही बातमी फुटली होती. आणि मृणाल आली होती. भीमाकाकीनेच फोन केला असणार. बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसली होती. राजरत्नला दारातच ती दिसली. तो माईककडे जायचा सोडून चपलांच्या ढिगातून सरळ तिच्याकडे गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"गुरुवारी घसरलो. घरी. दोन तास. तुला सांगितलं नाही, आत्ता सांगतोय."

मृणालने त्याच्याकडे पाहिलं. लोकांचे डोळे तपासते तसंच, जवळून.

"गुरुवारचं रविवारी?"

"धीर झाला नाही."

"पुढच्या वेळी शुक्रवारी सांग," ती म्हणाली. "जा आता, लोक थांबलेत."

तो माईकवर गेला. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं. मग थांबला. दगडूमामांच्या हातात बदामांची पुडी तयार. आणि त्याने तिसरं म्हटलं. आवाज मधेच फाटला, पण त्याने ते शेवटपर्यंत नेलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्यामागून म्हटलं. मृणालनेही म्हटलं. पहिल्या रांगेत काकी बोटं मोजत होती. पाचवं झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "झाली पाच."

नंतर बाहेर चपला शोधताना मृणाल त्याच्याशेजारी उभी होती. खांद्याला पिशवी होती. ती सकाळपासून तिच्या खांद्याला होती आणि तिच्यात बरेच कपडे होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"दिव्याला संध्याकाळचं पाणी अजून सहालाच येतं का?" तिने विचारलं.

"साडेपाचला," राजरत्न म्हणाला. "आता साडेपाचला येतं."

"मग उशीर नको करायला. बादल्या मी भरते. आणि त्या तासात तू बाथरूममध्ये जायचं नाहीस."